बर्फात खिशातला फोन: कुठे कामाचा, कुठे अडचणीचा?

जानेवारीतली रात्र. रामदासपेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर घरातल्या सगळ्या रजया आणि दोन गाद्या असा ढीग लावलेला. त्या ढिगात मित्रानं एक छोटं यंत्र लपवलंय आणि तसंच दुसरं यंत्र हातात धरून मी ते शोधतोय. स्क्रीनवर आकडा उतरत चाललाय. १२, ९, ५, ३... आणि एकदम ११. मग ४. मग थेट १४.

"काय बे, गच्चीवरून खाली उतरला का तू?"

"लिफ्ट चालू हाये ना बावा. मोटर इथंच आहे वरती, तिच्यानं होऊन राहिलं."

लिफ्टची मशिनरूम खरंच पाच पावलांवर होती. स्लॅबमध्ये लोखंडही भरपूर. कारण पटलं. आम्ही रजया गोळा केल्या आणि जेवायला गेलो. सहा आठवड्यांनी गुलमर्गच्या बर्फात, जिथे ना लिफ्ट होती ना स्लॅब, आकडा तसाच उड्या मारायला लागला, तेव्हा कळलं की दोषी माझ्या छातीच्या खिशात बसला होता. माझा फोन.

या लेखात तेच सांगायचंय. अशा ट्रिपला फोन कशासाठी न्यायचा, कशासाठी त्याच्यावर अजिबात विसंबायचं नाही, आणि या दोन्हींमागचं तंत्रज्ञान काय आहे.

आधी थोडी ओळख

आम्ही चौघं. मी, धंतोलीत राहतो तो धंतोली, मेडिकलला इंटर्नशिप करणारी आमची डॉक्टर, आणि पुलांच्या कामावर असलेला सिव्हिल. (खरी नावं टाकायला तिघांनीही नकार दिलाय.) आधीच्या दोन हिवाळ्यांत आम्ही स्कीइंग शिकलो होतो, पण ते गंडोल्यात बसून वर जायचं आणि तयार उतारावरून घसरत खाली यायचं. यावेळी बॅककंट्री स्की टूरिंग करायचं होतं, एका दिवसाचं. म्हणजे लिफ्ट नाही, गंडोला नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची, तिला 'स्किन' म्हणतात. तिचे केस मागच्या दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी ठेवायची आणि चालत डोंगर चढायचा. वर पोचल्यावर पट्टी काढायची, टाच लॉक करायची आणि उतरायचं.

इथे उतार कुणी तपासलेला नसतो, रस्ता आखलेला नसतो, आणि बर्फ सुटून खाली आला तर पहिल्या दहा मिनिटांत मदतीला तुमच्यासोबतचेच लोक असतात. हे ऐकीव भीतीचं बोलणं नाही. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर १ फेब्रुवारी २०२३ ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा तसंच झालं, त्यात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. म्हणून आम्ही स्थानिक गाइड घेतला, जंगलातून खिलनमर्गच्या दिशेनं जाणारा सौम्य रस्ता निवडला, आणि माझ्या म्युनिकच्या मावसभावानं आणलेली दोन शोधयंत्रं महिनाभर आधी हाताळायला घेतली. बाकीची तिथे भाड्यानं मिळाली.

सिम बंद, जीपीएस चालू

श्रीनगर विमानतळावर उतरलो आणि सिव्हिलच्या फोनमधलं नेटवर्क गेलं ते परत येईपर्यंत आठवडा गेला. कारण साधं आहे, पण दरवर्षी कितीतरी जण फसतात: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. त्यामुळे ग्रुपमध्ये निदान दोघांकडे, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं, पोस्टपेड असू द्या. हे नागपुरातूनच करून निघा.

"नेटवर्कच नाही तर मॅप कसा चालणार?" हा सिव्हिलचा प्रश्न. चालतो. जीपीएसचे उपग्रह जवळपास २०,२०० किलोमीटरवरून वेळेचा सिग्नल पाठवत असतात, आणि फोन तो फक्त ऐकतो. आकाशवाणी ऐकायला जसा रिचार्ज लागत नाही, तसंच हे. चार किंवा जास्त उपग्रहांचे सिग्नल किती वेळानं पोचले यावरून फोन स्वतःच आपली जागा काढतो. इंटरनेट लागतं ते दोन गोष्टींसाठी: उपग्रह कुठे आहेत याचा तक्ता पटकन मिळवायला (तो नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, बस) आणि नकाशाचं चित्र दाखवायला. हे चित्र आधीच डाउनलोड केलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकूनही निळा ठिपका बरोबर चालतो. त्यानं बॅटरीही वाचते, कारण डोंगरात टॉवर शोधत बसणं हे फोनचं सगळ्यात खादाड काम.

फक्त एक बघा. रस्त्यासाठी वापरतो त्या नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा, म्हणजे कंटूर, पुरेशा नसतात. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, कंटूर दाखवणारं एखादं ॲप घ्या आणि हॉटेलच्या वायफायवर तो भाग उतरवून ठेवा.

४६ टक्के, आणि स्क्रीन काळी

आपल्या नागपूरकरांना फोन उन्हानं तापून बंद पडायची सवय आहे. मे महिन्यात दुचाकीच्या होल्डरला लावला की 'तापमान जास्त' म्हणतो आणि हात वर करतो. थंडीत काय होतं ते आम्हाला पहिल्यांदा दिसलं. सकाळी उणे ९. फोटो काढायला फोन बाहेर काढला, बॅटरी ४६ टक्के, दोन फोटो झाले आणि काळा पडदा.

लिथियम-आयन बॅटरीत दोन टोकांमध्ये एक द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे आयन पोहत जातात. थंडीत हा द्रव घट्ट होतो, आयनांचा वेग कमी होतो, बॅटरीचा आतला विरोध वाढतो. कॅमेऱ्यासारखं जड काम एकदम वीज मागतं आणि व्होल्टेज खाली कोसळतं. फोनला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःला वाचवायला बंद होतो. वीज मात्र आतच असते. जॅकेटच्या आतल्या खिशात वीस मिनिटं ठेवला आणि परत सुरू केला, तर ३९ टक्के.

यात एकच गोष्ट खरंच घातक आहे: गोठलेला फोन तसाच पॉवर बँकला लावणं. शून्याखाली चार्ज केलं की लिथियम आत न शिरता टोकावर धातूच्या थरासारखं साचतं, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. आधी फोन आणि पॉवर बँक दोन्ही अंगाच्या ऊबेत आणा, मग वायर जोडा.

म्हणून मी फोन छातीच्या खिशात ठेवला. अंगाला चिकटून, गरम. बॅटरीच्या दृष्टीनं शहाणपणा. आणि त्याच छातीवर पट्ट्यानं बांधलेलं होतं शोधयंत्र.

नऊ मिनिटं

या यंत्राला अव्हलांच बीकन किंवा ट्रान्सिव्हर म्हणतात. निघताना प्रत्येकजण ते 'सेंड'वर टाकतो. दर सेकंदाला साधारण एक ठोका, ४५७ किलोहर्ट्झवर, दिवसभर. कुणी दबला तर बाकीचे आपापलं यंत्र 'सर्च'वर टाकतात आणि बाण व आकडा बघत त्याच्यापर्यंत पोचतात. मग घडीची लांब सळई बर्फात टोचून नेमकी जागा लावायची आणि फावड्यानं खणायचं. बीकन, सळई, फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे. एकानं तिन्ही उचलून चालत नाही, कारण दबणारा तोच असू शकतो.

निघायच्या आधी गाइडनं एक बीकन पिशवीत घालून कुठेतरी पुरलं आणि मला म्हणाला, शोध. घड्याळ लावलं. पहिले तीस मीटर मस्त. मग तेच. ८, ६, १३, ५, १७. बाण डावीकडे, बाण मागे. डॉक्टर ओरडतेय, धंतोली हसतोय, मी त्याच त्या दहा मीटरमध्ये गोल फिरतोय. सापडलं तेव्हा नऊ मिनिटं झाली होती, आणि अजून खणायचं बाकी होतं. हसू थांबलं, कारण डॉक्टरनं आदल्याच रात्री आम्हाला आकडे सांगितले होते. स्वित्झर्लंडमध्ये १९८१ ते २०२० पर्यंतच्या हिमस्खलनांच्या नोंदींचा अभ्यास झालाय. पूर्ण दबलेल्यांपैकी दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेले ९० टक्क्यांहून जास्त जण वाचले. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर येतं. बहुतेक जण थंडीनं जात नाहीत, श्वास कोंडून जातात.

गाइडनं माझ्याकडे बघितलं. "फोन कहाँ है आपका?" मी छातीवर हात ठेवला. "निकालो. बंद करो. बैग में डालो."

पुन्हा पुरलं. अडीच मिनिटं.

असं का होतं? घरातला रेडिओ लावून बघा

आजोबांचा मीडियम वेव्ह रेडिओ घरात असेल तर तो लावा आणि त्याच्या जवळ मोबाइलचा चालू चार्जर न्या. घरघर ऐकू येईल. मीडियम वेव्ह साधारण ५३० किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे बीकनचं ४५७ त्याच्या अगदी शेजारचं घर. चार्जर आणि फोन या दोघांच्याही आत व्होल्टेज कमी-जास्त करणारी सर्किटं असतात, जी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. स्क्रीनसाठी वेगळं, प्रोसेसरसाठी वेगळं. त्यांचा कचरा याच पट्ट्यात सांडतो. त्यामुळे फक्त एअरप्लेन मोडनं काम भागत नाही. सिम आणि वायफाय गप्प होतात, पण स्क्रीन आणि प्रोसेसर चालूच असतात.

पण एवढासा फोन आणि एवढा गोंधळ? इथे अंतराचं गणित आहे. बीकन ज्या अंतरावर काम करतं तिथे त्याच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद अंतराच्या घनाप्रमाणे घटते. अंतर दुप्पट झालं की ताकद आठवा हिस्सा. आता समजा दबलेला माणूस ३० मीटरवर आहे आणि तुमचा फोन बीकनपासून ३० सेंटिमीटरवर. अंतर शंभरपट, म्हणजे मित्राचा सिग्नल तुमच्यापर्यंत येताना दहा लाखपट विरलेला. फोनची कुजबुजही त्यापुढे लाउडस्पीकर ठरते.

यासाठीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: २० आणि ५०. बीकन 'सेंड'वर असताना फोन, घड्याळ, कॅमेरा, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे, अगदी चुंबकाचं बटण असलेलं कव्हरसुद्धा त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर दूर. 'सर्च'वर असताना ५० सेंटिमीटर. बीकन छातीवर असेल तर फोन पँटच्या खिशात किंवा बॅगेत. स्मार्टवॉच ज्या हातात आहे त्या हातात बीकन धरायचं नाही.

मग फोनच बीकन का होत नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, माझ्याही आला. ब्लूटूथ आहे, जीपीएस आहे, एवढं महाग यंत्र कशाला? अशी ॲपही निघाली होती, आणि २०१३ साली कॅनडाच्या हिमस्खलन संस्थेनं त्यांच्यावर विसंबू नका असा जाहीर इशारा दिला.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. त्याची लहर जवळपास साडेबारा सेंटिमीटरची. पाण्यात ती भराभर शोषली जाते, आणि ओला बर्फ व माणसाचं अंग या दोन्हींत पाणीच पाणी. ४५७ किलोहर्ट्झची लहर साडेसहाशे मीटरहून लांब. तिच्या दृष्टीनं मीटर-दोन मीटर बर्फ, दगड, झाड, अंग म्हणजे काहीच नाही. जीपीएसचं म्हणाल तर मोकळ्या आकाशाखाली फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. ऑर्डर आणणाऱ्या पोराला तेवढं पुरतं. पण पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ मीटरभर खोल खणायचं म्हणजे जवळपास ऐंशी घनमीटर बर्फ, आणि हातात दहा मिनिटं. शिवाय दबलेल्या माणसाचा फोन चालू आहे, चार्ज आहे, तुमच्याच ॲपवर आहे, हे सगळं जुळायला हवं. बीकन कुठल्याही कंपनीचं असो, ४५७ वरच बोलतं. यात तीन साध्या सेलची किंमत वसूल होते. (सेल अल्कलाइनच घ्या. रिचार्जेबल सेल शेवटपर्यंत 'ठीक आहे' दाखवतात आणि एकदम मान टाकतात.)

जिथे फोननं खरंच काम केलं

आता फोनच्या बाजूनं. पाटीसारखी सुटून येणारी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ बसून राहतो, त्याहून उभ्या जागी साचायच्या आधीच गळत राहतो. म्हणजे उताराचा कोन ही या खेळातली सगळ्यात महत्त्वाची संख्या, आणि ती मोजायचं साधन प्रत्येक फोनमध्ये आहे. ॲक्सेलरोमीटर नावाच्या चिपमध्ये केसापेक्षा बारीक सिलिकॉनचे लोलक असतात. गुरुत्वाकर्षण त्यांना कुठल्या बाजूला ओढतंय यावरून फोनला आपण किती कललो ते कळतं. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल आहे, अँड्रॉइडला कुठलंही साधं लेव्हल ॲप चालेल.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून घरीच करा: जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर एक लांब पट्टी टेकवा आणि तिच्यावर फोन ठेवा. आमच्या बिल्डिंगचा जिना ३१ अंश भरला. बर्फात तीस अंश म्हणजे जिना, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

दुपारी झाडी संपली, पुढे मोकळा पांढरा उतार. ॲपच्या नकाशात तो २७ अंशांचा दाखवत होता, हिरवा. गाइडनं स्कीची काठी उताराच्या दिशेनं बर्फावर आडवी टाकली, सिव्हिलनं तिच्यावर फोन ठेवला. (फोन सिव्हिलचा, दिवसभर बॅगेत बंद होता, म्हणून बॅटरी होती. सिम नसण्याचा फायदा.) ३५. मघाशी सौम्य वाटलेल्या जागी.

नकाशा खोटं बोलत नव्हता, ढोबळ बोलत होता. अशा ॲपमधल्या उंचीचे आकडे बहुधा उपग्रह किंवा अवकाशयानाच्या रडारवरून आलेले असतात आणि आपल्याकडे मोफत मिळणारी माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांची असते. एका चौकोनाला एकच उंची. अडीच सिटी बस एकापुढे एक लावल्या तर होईल एवढ्या अंतरात कितीही छोटा कडा असला, तरी तो सपाट होऊन जातो.

दोन दिवस आधी भरपूर बर्फ पडला होता. गाइडला फोनची गरज नव्हती, त्यानं त्या उताराकडे बघताच मान हलवली होती. आकडा आम्हा चौघांसाठी होता, विशेषतः धंतोलीसाठी, जो म्हणत होता, "इथवर आलो बावा, तर वरपर्यंत जाऊन येऊ ना." ३५ बघितल्यावर तो काही बोलला नाही. आम्ही तिथेच पट्ट्या काढल्या आणि झाडीतून उतरलो. पाऊण तासाची ती उतरण दिवसभरातली सगळ्यात भारी गोष्ट होती, पण तिचं वर्णन मला जमणार नाही आणि व्हिडिओ नाही. फोन बॅगेत होता.

उपग्रहावरून मदत मागता येते का?

परदेशी व्हिडिओंमध्ये बघून बरेच जण विचारतात. आयफोनची उपग्रहावरून एसओएस पाठवायची सोय भारतात सुरू नाही. आणि परदेशातून मिळणारे सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारी छोटी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इथे बाळगणं बेकायदा आहे. ट्रेकिंगसाठी अशी यंत्रं सोबत आणलेल्या परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतल्याची प्रकरणं झाली आहेत. मावसभाऊ प्रेमानं असलं काही आणतो म्हणाला तर नको म्हणा. नेटवर्क असेल तिथे ११२ लावा, आणि निघताना हॉटेलात कुठे चाललोय, किती वाजता परत येणार, ते कागदावर लिहून ठेवा.

परत आल्यावर एका रविवारी आम्ही पुन्हा गच्चीवर जमलो. एक बीकन दहा मीटरवर ठेवलं, दुसरं माझ्या हातात, आणि सिव्हिल मोजपट्टी धरून माझा फोन इंच इंच जवळ आणतोय. ६० सेंटिमीटरवर काही नाही. चाळीसच्या आसपास आकडा थरथरायला लागला. १५ वर बीकननं चक्क दोन माणसं दबल्याचं दाखवलं. धंतोलीचं घड्याळ, डॉक्टरचे इयरबड्स, पॉवर बँक, सगळे थोडेफार गुन्हेगार निघाले. शेवटी फोन, घड्याळं सगळी खाली ठेवून मी लिफ्टच्या मशिनरूमकडे चालत गेलो. दाराजवळ पोचताच कुणीतरी खालून लिफ्ट बोलावली आणि आकडा ९ वरून १६ वर गेला.

"मी तर जानेवारीतच म्हटलं होतं," धंतोली म्हणाला.